दिवसाआड धावणारा ताप

मार्चमध्ये एका सोमवारी माझी बायको वैशाली गेली. मुलगी ओवी तेव्हा सात वर्षांची होती. मी ऑफिसकडून घरून काम मागून घेतलं.

डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लोक आमच्याशी दबक्या आवाजात बोलू लागले. अपवाद समोरच्या दारातल्या मोकाशीकाकांचा. ते डबा घेऊन आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "कृपया लक्ष द्या! लोणच्यामार्गे जाणारी मुगाची खिचडी आपल्या दारात लागत आहे!"

ओवी हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

मोकाशीकाकांनी खोपटच्या एसटी स्टँडवर तीस वर्षं गाड्या पुकारल्या. निवृत्तीनंतर माईक सुटला, पुकारा सुटला नाही. बंद लिफ्ट 'तांत्रिक कारणास्तव रद्द', पाण्याचा टँकर 'अंदाजे वीस मिनिटे उशिराने'. लग्न का नाही केलं, असं कुणी विचारलं, तर "आरक्षण मिळालं नाही," एवढंच सांगत.

ऑगस्टमध्ये ओवीला ताप आला. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणतो. तेव्हा पाण्याच्या पंपाची पुस्तिका हातात होती. आमच्या सावंत मॅडम म्हणाल्या होत्या, "शुक्रवारी नाही झाली, तर सोमवारपासून शीळफाट्याच्या ऑफिसला यायचं." मी तिकडे गेलो, तर ओवीजवळ कोण बसणार, हा माझा घोर. म्हणून एका हाताने टाईप करत होतो आणि दुसऱ्या हाताने घड्या बदलत होतो. एकदा वाचून पाहिलं, तर मी लिहिलं होतं : 'पंप सुरू करण्यापूर्वी कपाळावर ओली घडी ठेवावी.'

मंगळवारी मॅडमशी बोलताना माझा माईक चालू राहिला. मागून मोकाशीकाकांचा आवाज आला, "एकशे तीनचा ताप आतल्या खोलीत दाखल झाला आहे!"

"अहो, तुम्ही घरी आहात की स्टँडवर?" मॅडमनी विचारलं.

डॉक्टर आधी व्हायरल म्हणाले होते. बुधवारी ओवी खेळली, मला हायसं वाटलं. गुरुवारी सकाळी पुन्हा दाखवायला गेलो, तर काका तापाच्या वेळा टिपलेली वही घेऊन बरोबर.

"डॉक्टर, ही गाडी दिवसाआड आहे," ते म्हणाले. "रविवारी दुपारी तीनला आली, हुडहुडी भरून. सोमवारी फेरी नाही. मंगळवारी तीन दहाला. बुधवारी फेरी नाही. आज पुन्हा तीनला लागणार, लिहून घ्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. वही दोनदा वाचली आणि ओवीचं रक्त तपासायला पाठवलं.

मलेरिया निघाला. मधले दोन दिवस मी 'उतरला एकदाचा' म्हणून पंपाकडे वळलो होतो. काकांनी घड्याळाकडे पाहिलं होतं.

शुक्रवारी पुस्तिका अर्धीच झाली होती. मॅडमना फोन करून खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मलेरिया? मग सांगायचं नाही का हो आधी? पंप बुधवारी द्या. आणि घरूनच करा."

औषध लागू पडलं, तरी काका रोज दुपारी तीनला ताप बघायला येत राहिले. पंधरा दिवसांनी ओवी शाळेत जाऊ लागली. तिच्या पहिल्या दिवशी दुपारी तीनला बेल वाजली. दारात मोकाशीकाका, इस्त्रीचा शर्ट घातलेले.

"काका, ओवी शाळेत गेली. आता ताप नाही येणार."

"हो, हो. बरंच झालं." ते दारातून हलले नाहीत. मी कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात म्हणाले, "मी आपला... तीनला कुणाकडे तरी जायचं असायचं ना. पाय निघाले."

मी त्यांना आत घेतलं, चहा टाकला.

वैशाली नाही. मी घरून काम करतो. ओवीची शाळा पाचला सुटते. तिला आणायला मोकाशीकाका साडेचारलाच शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहतात.