सव्वीस मिनिटांनी सरस

कोणतीही दोन मुले सारखी नसतात, हे सत्य फार जुने आहे. ती किती सारखी नाहीत, हे दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत सांगण्याची सोय मात्र अलीकडची. उत्तर ऑन्टारिओत ही सोय आइस हॉकीच्या पारख्यांनी केली. त्याबद्दल तिथल्या आईबापांनी त्यांचे आभार मानायला हवेत, आणि ते मानतातही; निदान पारखी समोर असेपर्यंत.

मर्व्ह हालुश्का हा अशांपैकी एक. पोर्ट डनमोरच्या संघासाठी तो एकतीस वर्षे पंधरा वर्षांची मुले पाहत आला होता. (मुले दर वर्षी नवी असत, मर्व्ह, कोट आणि थर्मास तेच.) दर एप्रिलमध्ये निवडीचा दिवस येई. वीस संघ आळीपाळीने एकेका मुलाचे नाव घेत, अशा पंधरा फेऱ्या होत आणि संध्याकाळपर्यंत तीनशे मुले भावी खेळाडू ठरत. उरलेली काही हजार मुले त्याच संध्याकाळी भावी प्रेक्षक ठरत. म्हणजे रिकाम्या हाताने कोणीच परत जात नसे.

पारख्याचे आचरण कडक असते. त्याने रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, सर्वांत गार कोपऱ्यात बसायचे, कारण तिथे आईबाप येत नाहीत. टाळी वाजवायची नाही. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, जाळ्यात जाऊन चांगला गोल झाला तर कॉफीचा एक घोट घ्यायचा. फारच चांगला झाला तर घोटही घ्यायचा नाही, कारण दुसऱ्या संघाचे पारखी घोट मोजत असतात.

प्रत्येक मुलाचा एक कागद. त्यावर वेग, हात, डोके, कोपऱ्यातल्या धक्काबुक्कीतली हिंमत, बुटाचे माप, आईची उंची आणि मामाची उंची. शेवटचा रकाना ‘कोणासारखा’. हा सर्वांत महत्त्वाचा. जो मुलगा कोणासारखाच नाही त्याला निवडता येत नाही, कारण बैठकीत तो समजावून सांगता येत नाही. मर्व्हने हा रकाना आजवर एक हजार एकशे चाळीस वेळा भरला होता. त्यांपैकी नऊ मुले पुढे खरोखरच कोणासारखी तरी निघाली. (तिघे दुसऱ्याच कोणासारखे.)

आणखी एक नियम सांगायला हवा. मुलांचे गट जन्मवर्षाप्रमाणे पडतात, एक जानेवारी ते एकतीस डिसेंबर. पोर्ट डनमोरच्या कचेरीतल्या नोंदीनुसार, आदल्या वर्षी निवडलेल्या तीनशे मुलांपैकी एकशे सव्वीस वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली होती, आणि शेवटच्या तीन महिन्यांतली फक्त एकतीस. पारख्यांनी या आकड्यांचा बारकाईने अभ्यास करून असा निष्कर्ष काढला होता की जानेवारीची थंडी मुलाच्या हाडांत चांगली मुरते. डिसेंबरातही तिथे उणे तीस असते. पण ती संपत आलेल्या वर्षाची थंडी. तिच्यात दम नसतो.

हॅलोवे या गावातल्या कोस्केला भावांचे कागद मर्व्हने याच शिस्तीने भरले होते. थोरला वेस यंदाच्या गटात होता आणि तीनशेच्या यादीत त्याचा नंबर दोनशे अठ्ठ्याऐंशी होता: “अंग भरायचे आहे. कोपऱ्यात मागे ढकलला जातो. पक मिळाला की घाईने देऊन टाकतो. डोके चांगले, पण बहुधा नाइलाजाने. कोणासारखा: रे पॉटविनसारखा (रे आता स्नोमोबाइल दुरुस्त करतो).” धाकटा नीलो पुढच्या वर्षीच्या गटात, आणि पुढच्या वर्षीच्या यादीत पहिला: “अंगाने भरलेला. कोपऱ्यात त्याचेच राज्य. पक मिळाल्यावर शांतपणे थांबतो. पुढारी. कोणासारखा: असा अजून झालेला नाही.”

दोन्ही कागदांवर उंची पाच फूट नऊ इंच आणि वजन एकशे बावन्न पौंड होते. यात विसंगती काही नाही. यंदाची मुले सरासरी पाच फूट अकरा आणि पुढच्या वर्षीची पाच फूट सात, तेव्हा वेस लहान होता आणि नीलो मोठा. शिवाय यंदाच्या फाइली हिरव्या, पुढच्या वर्षीच्या निळ्या, आणि दोन रंगांच्या फाइली एका वेळी उघडायच्या नाहीत असा मुख्य पारखी लाइल मॅकआर्डल याचा दंडक होता. गोंधळ होऊ नये म्हणून. तो कधी झालाही नव्हता.

मार्चमध्ये मर्व्ह आईची उंची पाहायला कोस्केलांच्या घरी गेला. गेला नीलोसाठी, म्हणजे एक वर्ष आधी. याला दूरदृष्टी म्हणतात.

“बसा मर्व्ह, आणि तो कोट काढा,” पाउला कोस्केला म्हणाली. ती गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात काम करी. “आमच्या स्वयंपाकघरात बर्फ नाही.” तिने वेलदोड्याच्या पावाची ताटली पुढे सरकवली. “नीलोचं राहू द्या. वेसचं काय?”

मर्व्हने कॉफीचा घोट घेतला. “वेस गुणी मुलगा आहे.”

दवाखान्यात डॉक्टर ‘फार गुणी कुत्रा हो’ असे कोणत्या वेळी म्हणतात, हे पाउलाला ठाऊक होते.

“तो म्हणतोय, नाव आलं नाही तर स्केट विकून टाकणार,” ती म्हणाली. “खोक्यात भरूनही ठेवलेत. पंधराव्या वर्षी निवृत्ती! माझे सासरे त्र्याहत्तराव्या वर्षी झाडावर चढून फांद्या तोडतात, त्यांना कोणी निवृत्त करत नाही.”

“तुमची उंची?” मर्व्हने विचारले. कठीण प्रसंगी तो कागदाचा आधार घेई.

“पाच-सात, अनवाणी. दात पण दाखवू? आमच्याकडे घोड्यांचे बघतात.”

“दातांचा रकाना नाही,” मर्व्ह खरे तेच बोलला. खात्री करून घ्यायला त्याने तिला दाराच्या चौकटीशी उभे केले, आणि तिथे त्याला पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. निळी आणि लाल, दर वर्षीची एक जोडी. प्रत्येक जोडी एकाच उंचीवर.

“धाकट्याने थोरल्याला गाठलंय की,” तो म्हणाला.

“गाठायला मागे होता कुठे? सव्वीस मिनिटं.”

“काय सव्वीस मिनिटं?”

“अहो, जुळे आहेत ते! वेस एकतीस डिसेंबरला, रात्री अकरा अठ्ठेचाळीसला. नीलो बारा चौदाला, एक जानेवारी. सहा वर्षांचे झाल्यावर नाव घालायला नेलं तर रिंकवरची बाई म्हणाली, एक या वर्षाचा, एक पुढच्या वर्षाचा. तेव्हापासून वेस त्याच्या गटात सगळ्यांत लहान आणि नीलो त्याच्या गटात सगळ्यांत मोठा. नऊ वर्षं मी दोन गाड्यांतून दोन रिंकांवर सकाळी सहाला पोचतेय, आणि तुम्हाला माहीतच नाही?”

मर्व्हला माहीत नव्हते. जन्मतारखेतला महिना आणि दिवस तो पाही. पण वेगवेगळ्या फाइलींत.

इतक्यात मुलेच आत आली. दोघांचे केस ओले, दोघांचे मोजे राखाडी. कोणता कोण हे मर्व्हला कळेना, आणि विचारायला एकतीस वर्षांचा अनुभव आड आला. एकाने न सांगता ताटे उचलली, बाह्या वर केल्या आणि धुवायला लागला. दुसऱ्याने पावाचा चौथा तुकडा घेऊन पाय खुर्चीवर टाकले.

“आई, हे आपल्या चौकटीची परीक्षा घेतायत का?” पाय टाकणारा म्हणाला.

“गप रे.”

“पास होईल ती. फक्त डिसेंबरात बसवलेली नसावी.”

धुणारा हसला, आणि त्याच्या हातून एक बशी निसटता निसटता राहिली. (हात: उत्तम.)

गाडीत बसल्यावर मर्व्हने सवयीने नोंद केली. नीलोच्या कागदावर ‘घरातही जबाबदार’. वेसच्या कागदावर ‘आळसाकडे कल’. मग त्याने एकतीस वर्षांत केले नव्हते ते केले. हिरवी आणि निळी फाइल एकाच मांडीवर उघडली. काचांवर आतून वाफ धरेपर्यंत तो तसाच बसला. वेस सव्वीस मिनिटे थांबला असता तर पुढच्या वर्षी पहिल्या नंबरवर दोन मुले असती, आणि आज खोक्यात स्केट नसते.

बैठकीत त्याने हे मांडले. सहा पारखी होते, शिवाय मॅकआर्डल.

“म्हणजे तुझं म्हणणं, दोघं सारखे?” मॅकआर्डलने विचारले.

“उंची, वजन, बूट, मामा. सगळं सारखं.”

“मग एक पहिला आणि एक दोनशे अठ्ठ्याऐंशीवा कसा?”

“तेच तर म्हणतोय.”

“म्हणजे आपण एकाच्या बाबतीत चुकलो?”

“किंवा दोघांच्या,” कोपऱ्यातला एक पारखी म्हणाला. तो उठून कॉफी आणायला जाईपर्यंत सगळे त्याच्याकडे पाहत राहिले.

मॅकआर्डलने डोळे मिटले. तो उगाच मुख्य पारखी झाला नव्हता. “हे बघा. वेसबद्दल मर्व्हनेच काय लिहिलंय? घाईने पक देऊन टाकतो. नीलो? शांतपणे थांबतो. आता जन्माची वेळ बघा. एकाला सव्वीस मिनिटं दम धरवला नाही. दुसऱ्याने धरला. मुलाचा स्वभाव पहिल्या दिवशीच दिसतो रे. आपली पारख चुकलेली नाही. ती किती खोल गेली, हे आपल्यालाच कळलं नव्हतं.”

सर्वांना हायसे वाटले. दोघांनी ते वहीत उतरवून घेतले. पुढल्या वर्षीपासून कागदावर ‘जन्माची वेळ (मिनिटांसह)’ असा रकाना घालण्याचे एकमताने ठरले. मर्व्हचे मतही त्यात धरले गेले.

मर्व्ह भांडखोर नव्हता, आणि पद्धतीवर त्याची श्रद्धा होती. म्हणून त्याने पद्धतीनेच मार्ग काढला. वेसच्या कागदावर रे पॉटविनचे नाव खोडले आणि ‘कोणासारखा’ पुढे नीट अक्षरात लिहिले: नीलो कोस्केलासारखा.

मॅकआर्डलने चष्मा लावला. “निळ्या फाइलमधला? पहिला?”

“तोच.”

“किती टक्के?”

“शंभर.”

“शंभर टक्के कोणी कोणासारखा नसतो, मर्व्ह. लोक हसतील. ब्याण्णव लिही.”

मर्व्हने ब्याण्णव लिहिले. भावी पहिल्या नंबरसारखा, तोही ब्याण्णव टक्के, असा मुलगा शेवटच्या फेरीपर्यंत कोणी उचलला नाही तर तो सोडणे परवडणारे नव्हते.

निवडीच्या दिवशी कोस्केलांच्या स्वयंपाकघरात चौदा फेऱ्या शांततेत गेल्या. टेबलावर संगणक, टेबलाखाली स्केटचे खोके, त्यावर चिकटवलेली विक्रीची चिठ्ठी. पंधराव्या फेरीत, दोनशे एक्याण्णवावे नाव: वेस कोस्केला, पोर्ट डनमोर. घरात असा आरडाओरडा झाला की सासरे झाडावरून उतरून आले. चिठ्ठी फाडण्यावरून दोन्ही भावांची झटापट झाली. कोपऱ्यातल्या त्या धक्काबुक्कीत कोण सरस ठरला याची नोंद नाही, कारण पारखी हजर नव्हता.

पाउलाने फोन लावला. “मर्व्ह, संगणकात बिघाड तर नाही ना?”

“नाही. ब्याण्णव टक्के नाही.”

पुढच्या वर्षी नीलो पहिला निवडला गेला आणि एक वर्ष उशिरा भावाच्याच संघात आला. ‘मोठ्या भावाच्या सहवासाचा नीलोला लाभ होईल,’ असे मॅकआर्डलने वार्ताहरांना सांगितले. वेस तोवर पाच फूट अकरा झाला होता. (नीलोही.) हॅलोवेतली तरुण जोडपी आता एप्रिल महिन्याकडे पूर्वीपेक्षा गांभीर्याने पाहतात, असे कळते. जानेवारी तिथून नऊ महिन्यांवर आहे.

मर्व्हला मात्र एक नोंद खुपत होती. एके दिवशी त्याने न राहवून पाउलाला विचारले, “मी आलो होतो त्या दिवशी ताटं कोणी धुतली होती हो?”

“तारीख काय होती?”

“तारखेचा काय संबंध?”

“सम तारखेला वेस, विषम तारखेला नीलो. लहानपणापासून ठरलंय. नियम वेसनेच काढला. एकतीस विषम, एकही विषम, त्यामुळे दोन्ही वाढदिवसांना ताटं नीलो धुतो. डोकं चांगलं आहे त्याचं. तुमच्याच कागदावर आहे ना?”

मर्व्हने डायरी काढली. त्या दिवसापुढे एवढेच होते: मार्च, हॅलोवे, पाव छान. त्याने दोन्ही कागदांवरचे दोन्ही शेरे खोडले. एवढ्या वर्षांत, रे पॉटविन सोडला तर, त्याने स्वतःहून खोडलेले हे पहिलेच शेरे.

वाचकाला हा त्रास नाही. ताटे कोण धुतोय आणि खुर्चीवर पाय कोणी टाकलेत, हे त्याने तो प्रसंग वाचता वाचताच मनाशी ठरवून टाकले असेल, आणि त्यासाठी त्याला एकतीस वर्षेही लागली नसतील. त्या दिवसाची तारीख वर कुठेही दिलेली नाही. हवे तर पुन्हा पाहून या.