थेंबाखालचं टेबल

"आज संध्याकाळपर्यंत कशालाही नावं ठेवलीत, तर माझी शप्पथ आहे!" बायकोने दारातच बजावलं आणि हेडक्लार्कचं धाबं दणाणलं.

शप्पथ घालायला हिला आजचाच दिवस मिळावा! ऑफिसात त्यांचं नावच मुळी तक्रारनाना. पण त्यांची एक तक्रार शंभर टक्के खरी होती. तीन वर्षं त्यांचं टेबल गळक्या पाइपखाली, संडासाला खेटून आणि खडखडत्या पंख्याशेजारी होतं. आठवड्यापूर्वी रुजू झालेल्या मोठ्या मॅडम आज केबिनबाहेर पडून सगळ्या टेबलांची पाहणी करणार होत्या. टेबल हलण्याची हीच काय ती संधी. पुढच्या वर्षी तर नाना रिटायर होणार.

मॅडम आल्या. वर पाहत म्हणाल्या, "इथे पाणी गळतं का हो?"

नानांना शप्पथ आठवली. "गळतं, पण... थेंब मोजले की डोकं शांत राहतं, मॅडम."

शेजारच्या टायपिस्टबाईंचे हात जागच्या जागी थांबले. नानांना ताप चढला, अशी त्यांची खात्रीच झाली.

"आणि हा वास?"

"उत्तम! म्हणजे, वासामुळे इथे कोणी गप्पा छाटायला थांबत नाही. फायली भराभर उरकतात."

"पंखा केवढा वाजतोय!"

"म्हणून तर फोन ऐकू येत नाही," नाना हसत म्हणाले. आतून त्यांना रडू येत होतं. टेबल काही आता हलत नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

मॅडमनी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे इथे कोणीच फिरकत नाही?"

"चिटपाखरूसुद्धा नाही!"

"अहो, माझ्या केबिनचं दार दर दोन मिनिटांनी उघडतं. आठवडा झाला, एक रिपोर्ट वाचून होत नाही. उचला तुमचं सामान! आजपासून तुम्ही केबिनमध्ये, मी इथे."

दुपारी नाना मऊ खुर्चीत बसून आल्यागेल्याची विचारपूस करत होते. शप्पथ होतीच, म्हणून त्यांनी चहाचंही कौतुक केलं. शिपाई इतका गडबडला, की न मागता दुसरा कप घेऊन आला.

संध्याकाळी सगळी हकिगत ऐकून बायको खूश झाली. "सुटली शप्पथ. आता बोला पोटभर."

नानांनी तोंड उघडलं. घरभर नजर फिरवली. बराच वेळ गेला आणि मग मात्र ते भडकले.

"तीस वर्षांची सवय माझी, एका दिवसात घालवलीस! नावं ठेवायला काही शिल्लकच ठेवलं नाहीस!"