आप्पांनी डब्याला विसावा दिला

चाळीस वर्षांत एकही मोटार जळू दिली नाही! सायखेड्याच्या खंडेराव आप्पांचा हा बाणा होता. विहिरीवरच्या मोटारीला उलटा हात लावून बघायचा, तापली की बटण बंद. हे साधं काम करायला इंजिनिअर कशाला लागतात, हेच त्यांना कळत नसे.

गुडघ्याच्या उपचारासाठी ते मुलाकडे नाशिकला आले, तेही आपली जुनी पिकअप घेऊनच. पार्किंगमध्ये बघतात तर सुनेची, स्नेहलची, विजेवरची गाडी भिंतीवरच्या चार्जिंगच्या डब्याला जोडलेली. सकाळी जोडलेली, संध्याकाळीही जोडलेलीच!

"पोरी, जळंल ना तो डबा!"

"नाही जळत, आप्पा," स्नेहल हसली. "गाडी भरली की आपली आपण थांबते."

"आपली आपण थांबणारी मोटार मी तर अजून पाह्यली नाय!"

मग काय! स्नेहलची पाठ वळली की आप्पा पार्किंगमध्ये हजर. डब्याला उलटा हात लावायचा. कोमट लागला की बटण बंद, गाडीत खुपसलेली चार्जिंगची गन उपसायची, डब्याला अर्धा तास विसावा, मग पुन्हा गन खुपसायची. चहाआधी एकदा, चहानंतर एकदा, असं दिवसातून आठ-दहा वेळा महिनाभर चाललं. कुणाला पत्ता नाही, आणि आप्पा मात्र आपण घर वाचवतोय म्हणून खूश!

तेवढ्यात स्नेहलला नांदगावच्या शाळेत नोकरी लागली. सहा वर्षं वाट पाहिलेली नोकरी! मंगळवारी पाचच्या आत हजर व्हायचं, नाहीतर ती यादीतल्या पुढच्या माणसाला. नवरा कामासाठी मुंबईला, म्हणून ती स्वतःच गाडी घेऊन जाणार होती. आदल्या संध्याकाळीच तिने गन लावून ठेवली. आप्पांनी जेवणाआधी ती काढून लावली, जेवणानंतर काढून लावली, सकाळी पूजेनंतरही काढून लावली.

दुपारी एक वाजता नवी साडी नेसून स्नेहल गाडीत बसली आणि किंचाळलीच. "अठराच टक्के?"

कोपऱ्यावरचा वायरमन सोमनाथ धावत आला. त्याने डबा उघडला, गन उलटसुलट करून पाहिली.

"डबा ठणठणीत आहे, ताई. पण गनची खिट्टी पार झिजलीये. लागल्यासारखी दिसते, पण आत बसतच नाही. दिवसातून किती वेळा काढता?"

"मी? एकदाही नाही!"

सोमनाथने आप्पांकडे पाहिलं. आप्पा छताकडे पाहू लागले.

"काका, नुसती लावून ठेवली असती तर काही झालं नसतं हो! काढघाल करून करूनच वाट लागली."

स्नेहलचे डोळे भरून आले, आणि आप्पांना वाटलं, यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरीच्या सहा वर्षांचं वाटोळं आपण आपल्या हाताने केलं!

"बस पिकअपमध्ये!" ते एकदम म्हणाले.

"आप्पा, तुमचा गुडघा..."

"गुडघा गेला खड्ड्यात! बस म्हणतो ना!"

पिकअपमध्ये मागे रिकामी कॅरेट खडखडत होती, पुढे खंडोबाचा धावा चालला होता. चांदवडला कांद्याच्या ट्रॅक्टरांनी वीस मिनिटं खाल्ली. आप्पांनी दिवसाढवळ्या हेडलाइट लावले, जन्मात वाजवला नव्हता एवढा हॉर्न वाजवला. पाचला दहा कमी असताना पिकअप शाळेच्या फाटकात थडकली आणि स्नेहल पदर खोचून आत पळाली.

आप्पा उतरले ते फाटकाला धरून तासभर उभेच राहिले. पाणी नाही, चहा नाही, नजर सगळी त्या दाराकडे. शेवटी स्नेहल बाहेर आली ती हसतच.

"झालं, आप्पा! झाले मी हजर!"

आप्पांनी उपरण्याने डोळे पुसले, ऐटीत पिकअपमध्ये बसले आणि चावी फिरवली. कुट्. पुन्हा फिरवली. तेही नाही!

स्नेहलने आत वाकून पाहिलं. हेडलाइटचं बटण चालू, केबिनमधल्या पंख्याचं चालू, टेपचंही चालू! चाळीस वर्षांत पहिल्यांदाच आप्पा बटण बंद करायला विसरले होते आणि बॅटरी पार बसली होती.

स्नेहलने शांतपणे शाळेच्या शिपायाला हाक मारली, मागे जाऊन धक्का द्यायला पिकअपला हात लावला आणि म्हणाली, "आप्पा, तुमची पिकअप नाही हो आपली आपण बटण बंद करत!"