निम्मं आज, निम्मं बारा दिवसांनी

वानखेडे काकांनी गच्चीवरची मेथी एका दिवशी कधीच पेरली नाही. आठ कुंड्यांपैकी चार आज, उरलेल्या चार बारा दिवसांनी. "एकावर भिस्त नको," हे त्यांचं ब्रीद. मेथीपुरतं ठीक होतं हो, पण हा माणूस पापडसुद्धा निम्मे सोमवारी आणि निम्मे गुरुवारी वाळवायचा. लखनौमधल्या तेलीबागच्या बाजारात अर्धा किलो कांदे एका भैयाकडून, अर्धा दुसऱ्याकडून. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आम्हाला तीनदा आलं: पोस्टाने, हाताने आणि फोनवर. काकू म्हणायच्या, "बायको एकच केली, हे माझं नशीब!"

तिथल्या वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत आम्ही खाली राहायचो, ते वर. आता ते लखनौत नाहीत, आणि मला त्यांची फार आठवण येते.

काका मूळचे वर्ध्याकडचे, सरकारी बियाणे कंपनीतले अधिकारी. रिटायर झाले तरी शेत सुटलं नाही. दर रविवारी स्कूटर निघायची शहराबाहेर, बख्शी का तालाब गावाकडे, रामसजीवन नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर. कधीकधी मागे मी असायचो. एकदा काका त्याला म्हणाले,

"पहले होली तक रजाई लगती थी भैया, अब फागुन में पंखा! गेहूँ का दाना भरेगा कब? आधा खेत जल्दी बो दो, आधा बाद में. लू चली तो पहला बचेगा, बेमौसम पानी गिरा तो दूसरा."

"साहब, गाँव हँसेगा."

"हँसने दो. हँसी से फ़सल नहीं सूखती."

रामसजीवनने शेवटी ऐकलं, आणि त्या वर्षी मार्चमध्येच ऊन असं तापलं की उशिरा पेरलेला गहू चिमला, आधी पेरलेला तरला. रामसजीवन खूश. मी म्हटलं, "काका, जिंकलात!" काका हसले नाहीत. परतताना त्यांनी चहाच्या टपरीवर स्कूटर थांबवली.

"माझ्या धाकट्या भावाला, अशोकला, मीच सांगितलं होतं, सगळं रान एका दिवशी पेर म्हणून. बियाणं माझं, तारीखही माझीच. बाबांच्या काळात ती तारीख चुकत नव्हती. सोयाबीन उगवलं आणि पाऊस तीन आठवडे गायब. सगळं करपलं. तो भांडला असता तर बरं झालं असतं. नुसता काही विचारेनासा झाला. फोन करतो, जय भीम म्हणतो, तब्येत विचारतो. बारा वर्षांत शेतीचा एक शब्द नाही."

इतके दिवस आपण त्यांच्या कुंड्यांना हसलो, याची मला लाज वाटली.

मे संपता संपता एका सकाळी आम्ही गच्चीवर चहा पीत होतो. काकांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. अशोकचा फोन आला. जय भीम झालं, तब्येत झाली. मग तिकडून अडखळत आवाज आला, "भाऊ, औंदा पाण्याचा काही नेम दिसत नाही. सोयाबीनमंधी तूर घेऊ काय? तू सांग."

अख्ख्या लखनौला न मागता सल्ले देणारा हा माणूस! चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा काढला.

"जेवला काय तू?" शेवटी एवढंच आलं.

"सकाळचे सात वाजले, भाऊ," अशोक म्हणाला. "मी थांबतो. तू सावकाश सांग."