पानाबाहेरचा जावई

कारकुनानं ठरवलं, सासूबाईंच्या पंचाहत्तरीचं मोठं चित्र आपणच बनवायचं. बस, एवढंच ठरवलं आणि माणूस कामातून गेला.

त्याचंही चुकलं नव्हतं म्हणा. सासरच्या एकाही फोटोत बिचारा धड नव्हता. कधी खांबामागे, कधी कुणाच्या ढेरीमागे, नाहीतर कॅमेऱ्यामागे. (फोटो काढणाऱ्याचं तोंड लोक विसरतात. माझंही विसरलेत, पण ती त्यांची मेहेरबानी.) या खेपेला मात्र तो बायकोशेजारी उभा राहणार होता, तिच्या खांद्यावर हात टाकून! त्यासाठी हवेत हात पसरून त्यानं स्टुडिओत खास फोटो काढून घेतला.

"शेजारी कोण आहे?" फोटोवाल्यानं विचारलं.

"नंतर येईल."

फोटोवाल्यानं हळहळून पैसे कमी घेतले.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्यानं घरी येऊन चित्राचा प्रोग्राम घालून दिला आणि बजावलं, "पडद्यावर हे पान, ही त्याची काळी चौकट. बाहेर कितीही पसारा मांडा, छापून येणार नाही."

कारकुनानं पानाच्या मधोमध सासूबाई ठेवल्या. तेवढ्यात बायको आत आली आणि किंचाळली.

"अगं बाई! आई गेली?"

"अगं, आहेत!"

"मग काळी चौकट कशाला? आधी काढा ती!"

त्यानं मेन्यू धुंडाळून चौकट लपवली. पडदाभर पांढरंच पांढरं झालं. पान कुठं संपतं ते आता देवालाही सांगता आलं नसतं. माउसचं चाक पुढं फिरवलं की सासूबाईंच्या नाकावरचा तीळ पडदाभर. मागं फिरवलं की सगळं खानदान मुंग्यांएवढं. एकदा तर सगळेच गायब.

"तुझी आई सापडत नाही गं!"

"आत्ता फोनवर बोलले मी तिच्याशी!"

शेवटी सापडल्या. मेव्हणा, त्याची बायको, पोरं, सगळे रांगेत लागले. उजव्या टोकाला बायको आणि तिच्या पलीकडे तो स्वतः. बाहेर अंधारून आलं होतं. दिवा न लावताच तो त्या पांढऱ्या उजेडात स्वतःकडे बघत बसला. इतका चांगला तो आरशातही कधी दिसला नव्हता.

छापखान्यातून गुंडाळी आली ती त्यानं न उघडताच सासरी नेली. सगळ्यांसमोर भिंतीवर सोडली.

"वा दाजी!" मेव्हणा ओरडला. "सगळे आलेत. एक माणूस राहिलं नाही!"

"आणि किती मोकळं वाटतंय," सासूबाई म्हणाल्या.

कारकून उजव्या टोकाकडे बघतच राहिला. तिथं बायको होती. तिच्यानंतर भिंत होती.

"अहो," बायको पुढं वाकली, "माझ्या खांद्यावर हे काय चिकटलंय?"

चार बोटं होती. पानात तेवढीच मावली होती.

"माझा हात आहे तो," कारकून म्हणाला. कुणाचा विश्वास बसेना.

सासूबाईंनी चष्मा चढवला, जवळ जाऊन बोटं नीट न्याहाळली आणि मान डोलावली.

"जावईबापूंचाच. नखं कापलेली नाहीत."