रिकाम्या जागेतलं खाकरणं

"मी बोलत असताना खाकरू नका हं, बाबा," असं बाईंनी सासऱ्यांना बजावलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

सासरे बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. उठण्याआधी, बसण्याआधी, पान उलटण्याआधी आणि मत देण्याआधी खाकरायची त्यांची सवय होती. मत सहसा कोणी विचारत नसे, त्यामुळे पुष्कळदा नुसतं खाकरण्यावरच भागायचं. "नाही खाकरत," ते म्हणाले. म्हणण्याआधी अर्थातच खाकरले.

बाई एका संस्थेत परदेशी नोकरीला निघालेल्यांना तिकडची भाषा शिकवत. भाषा मोठी हट्टी, निम्मे शब्द घशाच्या तळातून उपसून काढावे लागत. मागची तुकडी तोंडी परीक्षेत झाडून नापास झाली होती. लिहायला सगळ्यांना यायचं, पण परीक्षकासमोर एकेकाची दातखीळ बसली. संचालकांनी बाईंना बोलावून स्पष्टच सांगितलं, की हीही तुकडी पडली तर वर्ग बंद, त्या खोलीत व्यायामशाळा काढू.

"आणि जरा ऑनलाइन साधनं वापरा," ते पुढे म्हणाले. "सोपी असतात. शिवाय फुकट." 'फुकट' हा शब्द ते फार मायेनं उच्चारत.

बाईंना असं एक साधन सापडलं. बटण दाबायचं, बोलायचं, लिंक पाठवायची. नंतर काही कापायचं असेल तर मात्र पैसे भरा. आपल्याला कशाला लागतेय कापाकापी, असं म्हणून बाईंनी दुकानातली, दवाखान्यातली, भाड्याचं घर बघतानाची वाक्यं एकेक करून म्हटली. मधे मधे विद्यार्थ्यांना म्हणायला जागा सोडली. पाठवण्याआधी सगळं ऐकूनही पाहिलं. त्यांना ते चोख वाटलं. लग्न करून या घरात आल्यापासून त्या सासऱ्यांचं खाकरणं ऐकत होत्या. घरातल्या घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येत नाही, तसं ते त्यांना कधीच ऐकू येईनासं झालं होतं.

लिंकबरोबर त्यांनी नेहमीची सूचना पाठवली, 'जसं ऐकाल तसंच म्हणा. स्वतःची अक्कल चालवू नका.'

तुकडी आज्ञाधारक होती. एक नर्स, एक वेल्डर, एक बेकरीवाला आणि आणखी चार-सहा जण. कोणी भट्टीसमोर, कोणी बसच्या रांगेत, कानाला हेडफोन लावून सगळे कामाला लागले. वर्गात मधूनच कोणी खाकरलं, की बाई म्हणत, "हवा बदललीय. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा." नर्स मन लावून गुळण्या करू लागली. त्यानं तिचं खाकरणं आणखी खणखणीत झालं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंनी शेवटची उजळणी घेतली. "घर बघायला गेलात. सगळे एकदम म्हणा."

सगळा वर्ग एकदम खाकरला. मग एका सुरात वाक्य आलं. परत खाकरणं, परत वाक्य. बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. हे खाकरणं त्यांच्या ओळखीचं होतं. कुठलं ते आठवेना.

"हे काय मधे मधे?" त्यांनी विचारलं.

"आदराचं आहे ना ते, बाई?" वेल्डर म्हणाला. "काही मागायचं असलं की लांब. किंमत विचारायची असली की आखूड."

"आणि डॉक्टरांशी बोलताना दोनदा," नर्सनं भर घातली.

"मला लांब अजून जमत नाही नीट," बेकरीवाला ओशाळून म्हणाला. "मुलं हसतात घरी."

बाईंनी वर्गातच रेकॉर्डिंग लावलं आणि पहिल्यांदा नीट ऐकलं. सासऱ्यांनी शब्द पाळला होता. सूनबाई बोलत असताना ते एकदाही खाकरले नव्हते. बाईंनी सोडलेल्या जागेत, पुढच्या वाक्याला पुन्हा गप्प बसायचंय म्हणून, आधीच उरकून घेत होते. डॉक्टरच्या वाक्याआधी त्यांनी बहुधा पान उलटलं असावं.

बाईंचं धाबं दणाणलं. रागवायचं तरी कोणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. "हे भाषेत नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "आमच्या घरात आहे. उद्या कोणीही खाकरायचं नाही."

पण खाकरणं काढलं आणि वाक्यंही गेली. वेल्डर तोंड उघडून उभा राहिला. "सुरुवातच सापडत नाही, बाई," तो म्हणाला. घरी आल्यावर सासऱ्यांनी "कसं चाललंय?" म्हणून विचारलं. "चाललंय," एवढंच म्हणून बाई आत गेल्या. त्यांना रडू येत होतं.

परीक्षा व्हिडिओ कॉलवर होती. पडद्यावर एक म्हातारे, कडक चेहऱ्याचे परीक्षक होते. संगणक सांभाळायला म्हणून बाईंना कोपऱ्यात बसायची परवानगी मिळाली होती. पहिला नंबर नर्सचा लागला.

"घर बघायला आलाय. मालकाला काय विचाराल?" परीक्षकांनी त्यांच्या भाषेत विचारलं.

नर्सनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिनं पुन्हा उघडलं. परीक्षकांनी पेन उचललं. बाईंना मागची तुकडी दिसली, पाठोपाठ व्यायामशाळा दिसली. नर्स केविलवाण्या नजरेनं कोपऱ्याकडे बघत होती.

मग बाई खाकरल्या. चांगलं लांब, मागणीचं. इतकी वर्षं ऐकलेलं होतं, हुबेहूब जमलं.

नर्सचा चेहरा उजळला. तीही खाकरली आणि बोलायला लागली, ती घरमालक, भाडं, गळका नळ सगळं पार करूनच थांबली. तिच्यामागून वेल्डर आला, तो दारातूनच खाकरत आला. बाईंनी डोळे मिटून घेतले. बेकरीवाल्याचा नंबर येईपर्यंत परीक्षकही प्रश्न विचारण्याआधी खाकरू लागले होते.

तुकडी झाडून पास झाली. निकालाबरोबर परीक्षकांनी शेरा पाठवला होता, की बोलण्याआधी घसा साफ करून समोरच्याला सावध करण्याची आदब आमच्याकडे आजोबांच्या पिढीबरोबर गेली. ती इथं जिवंत पाहून समाधान वाटलं. संचालकांनी तो शेरा चौकटीत घालून दारावर लावला. "वरच्या परीक्षेचे धडेही करून टाका," ते म्हणाले. "त्याच फुकटातल्यावर."

रविवारी बेकरीवाला केक घेऊन बाईंच्या घरी आला. सोबत नर्स आणि वेल्डर होते. तिघांनी बाईंना नमस्कार केला आणि मग वेल्डर घरात इकडेतिकडे बघत म्हणाला, "दुसरे सर कुठायत?"

बाईंना सगळं सांगावंच लागलं. सासऱ्यांनी ते वर्तमानपत्र मांडीवर ठेवून ऐकून घेतलं. वेल्डरनं त्यांच्यासमोर एकदा लांब खाकरून दाखवलं आणि नम्रपणे विचारलं, "बरोबर येतंय का, सर?"

सासऱ्यांनी मांडीवरच्या वर्तमानपत्राची नीट घडी घातली. त्यांचं मत कोणी विचारून फार दिवस झाले होते. मग ते म्हणाले, "पोटातून काढ. नुसत्या घशानं उपयोग नाही." त्यांचे डोळे भरून आल्यासारखे दिसले, पण ते केकचा तुकडा घ्यायला खाली वाकले.

पुढच्या आठवड्यात बाईंनी फोन घेतला आणि स्वयंपाकघराचं दार उघडंच ठेवलं. सासरे आधीच येऊन खुर्चीत बसले होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, वर्तमानपत्र आणलं नव्हतं.

"करू सुरू, बाबा?" बाईंनी बटणावर बोट ठेवून विचारलं.

"कर," सासरे म्हणाले. "फक्त सूनबाई, एक सांगून ठेवतो. मी खाकरत असताना बोलू नकोस."