मागच्या फळीवरचा गूळ

लोहाऱ्यात कुणाची बायको रुसून माहेरी गेली, की आमच्या शेजारचे शास्त्रीसर त्या नवऱ्याचे अभिनंदन करायला जात.

जन्मभर संस्कृत शिकवलेल्या सरांचे मत पक्के होते: जुन्या नाटकांतले प्रेम ताटातुटीत पिकते, आणि गावातल्या संसारांनाही तोच नियम लागू आहे. जीप चालवणाऱ्या महादूला ते म्हणाले, "भाग्यवान आहेस. विरहात आहेस."

"सर, भाकरी कोन थापणार?"

"ते शास्त्रात नाही. ती परत येईल अशी आशा आहे का?"

"आशा कसली, भ्याव हाय."

"मग हा शृंगाररसच. आशा सरली, की त्याचाच करुण होतो. तेवढाच फरक."

हा फरक मला त्यांनी बाकावर उभे करून शिकवला होता. नायकाची वाट पाहणाऱ्या एका नायिकेच्या दुःखाला मी उत्तरपत्रिकेत करुण म्हटले होते. "ती अजून वाट बघतेय," सर म्हणाले, "आणि तू तिला रडून मोकळी झालीस."

सरांच्या पत्नी कुसुमकाकू दरसाल पंचमीला ईट गावी माहेरी जात. सर अंगरख्याला इस्त्री करून ओट्यावर उसासे टाकत बसत. पहिला दिवस फार देखणा जाई. दुसऱ्या दिवशी ते फोन लावत.

"अगं, गूळ कुठं ठेवलायस?"

"विरह करा की जरा," काकूंचा आवाज आमच्या अंगणापर्यंत येई. "मागच्या फळीवर हाय. लई झालं तुमचं शास्त्र." मग त्यांचे हसू, शेंगा फुटाव्यात तसे कोरडे, खमंग.

यंदा पंचमीच्या आधीच काकू वारल्या.

दिवसकार्य आटोपल्यावर मी भाजी घेऊन गेले. स्वयंपाकघरात करडईच्या तेलाचा शिळा वास होता, आणि सरांपुढे चहा उकळून काळा झाला होता.

"गूळ सापडत नाही," ते म्हणाले. "ती आली की विचारीन."

मी फळीकडे पाहिले. मागे पितळेचा डबा होता. भिंतीवरून निघालेली मुंग्यांची रांग थेट त्याच्या झाकणापर्यंत गेली होती.

सर माझ्याकडे बघत होते. तोंडी परीक्षेला बघत तसेच, फक्त या वेळी उत्तराची गरज त्यांना होती.

"सांग. हे काय?"

"शृंगार, सर," मी म्हणाले. "विरह."

"बरोबर."

त्यांनी दोन कपांत चहा गाळला. आम्ही तो बिनगुळाचाच प्यायलो.